आपल्या विरजणाचा निकाल

प्रेम नगर, झाशी
१२ मार्च

प्रिय बकुळताईस,

कल्याणीचा वाकून नमस्कार. रघुनाथभावजींनाही तितकाच, फक्त जरा लांबून (मागच्या वेळी त्यांच्या पायाला हात लावला आणि त्यांच्या गुडघ्याची हकीकत पाऊण तास ऐकली). तुझा डोळा आता कसा आहे? मोतीबिंदूनंतर डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि सांगलीच्या त्या घरात देवघराची फरशी कोण पुसतं ते मला इथे बसून दिसतं. थेंब वेळेवर घाल. इकडे सगळं ठीक. मला निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत आणि शकुंतलाआत्याला शहाऐंशी पुरी झाली. तिची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. दात स्वतःचे, मत स्वतःचं, आणि कानांचं असं आहे की फोन वाजलेला तिला ऐकू येत नाही, पण फोनवर कोण काय बोललं ते शेजारच्या खोलीतून ऐकू येतं. म्हणून तर हे पत्र. नाहीतर आजकाल पत्र कोण लिहितं? पोस्टातल्या बाईंनी पाकीट मागितल्यावर माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी घोड्यासाठी नाल मागितली.

आधीच सांगते, या पत्रामागे माझं काहीही काम नाही. डोकं फिरलंय, ते तुझ्यापाशी मोकळं करायचंय, बस.

तुला ठाऊक आहे, तेहतीस वर्षं मी बी.एड.च्या मुलामुलींना विज्ञान कसं शिकवायचं ते शिकवते आहे. त्यांनी स्वतः विज्ञान कधी केलंय का, हे या तेहतीस वर्षांत कुणी मला विचारलं नाही आणि मीही त्यांना विचारलं नाही. या वर्षी आमच्या कॉलेजला बाहेरची एक योजना मिळाली. तिचं म्हणणं सरळ आहे. उद्या जे शाळेत विज्ञान शिकवणार, त्यांनी आधी एकदा तरी खरं संशोधन करावं. पुस्तकातला प्रयोग नव्हे. ज्याचं उत्तर पुस्तकात नाही, मॅडमलाही माहीत नाही, असा प्रश्न घ्यायचा, आणि तोही थेट डीएनएपर्यंत जाऊन सोडवायचा. वाचून माझे डोळे भरून आले, ताई. मला आपली शाळेतली सिस्टर बर्नाडेट आठवली, तिचा तो पांढरा झगा, आणि बाहीला लागलेली शाई. वाटलं, जाता जाता एक बरं काम हातून होईल. भोळी मी.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र आलं. मिक्सरपेक्षा थोडं मोठं. त्याचं काम एवढंच, की डीएनएचा तुकडा घ्यायचा आणि तापवून, गार करून त्याच्या कोट्यवधी नकला काढायच्या (नकला काढण्यात आमची मुलं यंत्र येण्याच्या आधीपासून तरबेज आहेत, ते पुढे येईलच). आमचे प्राचार्य यज्ञेश्वरजी, माणूस देवमाणूस, पण त्यांनी जन्मात एकही वस्तू वापरण्यासाठी घेतलेली नाही. ते वस्तू जपण्यासाठी घेतात. त्यांनी यंत्राला कलावा, म्हणजे पूजेचा लाल दोरा, बांधला, हळद-कुंकू लावलं, नारळ यंत्रावरच फोडायला निघाले होते तो मी मध्ये पडून जमिनीवर फोडायला लावला. मग फीत कापायला कुणीतरी मोठं हवं म्हणून अकरा दिवस यंत्र त्यांच्या कपाटात कुलपात. फीत कापल्यावर त्यांच्या सौभाग्यवतींनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणून पाठवलं. ते झाकण यंत्राच्या हवा सोडायच्या जाळीवर बसायचं, म्हणून मी काढायची. यज्ञेश्वरजी फेरी मारायला आले की परत घालायचे. "बहनजी, धूल से बचाइए," म्हणायचे. तीन आठवडे हा खेळ चालला.

दुसरी गोष्ट, मुलं. बारा जणं. गुणी आहेत, खोटं नाही बोलणार. पण पहिल्या दिवशी मी वर्गात आले तर बारा फाइली टेबलावर रचलेल्या. खाकी कव्हर, कडेनं चमकीच्या पेननं वेलबुट्टी, आणि आत सगळं लिहून तयार. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, आणि शेवटी निष्कर्ष: "प्रयोग सफल रहा." यंत्र अजून कपाटात, ताई! कौशिक म्हणून एक मुलगा आहे, अक्षर मोत्यासारखं. त्यानं तर प्रयोगाच्या शेवटी जेलीवर उमटणाऱ्या पट्ट्यांचं चित्र गुलाबी स्केचपेननं काढून ठेवलं होतं. म्हटलं, बेटा, हे कुठे पाहिलंस? तर अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मैडमजी, सीनियर की फाइल से। उनको पूरे नंबर मिले थे।" सीनियरचं नाव वर खाडाखोड करून खोडलेलं दिसतही होतं. मी ओरडले. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला हळू आवाजात ओरडता येतं, ते जास्त लागतं म्हणे. म्हटलं, आजपासून माझ्या वर्गात निष्कर्ष शेवटी लिहायचा. जे दिसेल तेच. नाही दिसलं तर "नाही दिसलं" असं. बारा जणं माझ्याकडे अशी पाहत राहिली, जसं मी त्यांना पानं उजवीकडून वाढायला सांगितलं.

आता प्रश्न कोणता घ्यायचा? आणि इथे, ताई, माझी जीभ मला नडली. योजनेतली शास्त्रज्ञ मुलगी व्हिडिओवरून म्हणाली, तुमच्या आसपासचं काही घ्या. मी उभी राहिले आणि आपल्या विरजणाची गोष्ट सांगितली. सगळी. आपले पूर्वज साताऱ्याकडून पूजाअर्चेसाठी झाशीत आले, तेव्हापासून घरात तेच दही लागतंय. सत्तावन्नच्या धामधुमीत शहर सोडायची वेळ आली तेव्हा कुणा आजीनं सोनं मागे ठेवलं आणि दह्यात बुडवून वाळवलेलं फडकं पदराला बांधून नेलं. आणि परत आल्यावर ते फडकं दुधात टाकून पुन्हा दही लावलं. मुलं टाळ्या वाजवायला लागली. कौशिकनं तर ती गोष्ट तिथल्या तिथे फाइलीत लिहिली, "निष्कर्ष" खाली. ठरलं. प्रत्येकानं ओळखीच्या घरचं दही आणायचं, सोबत तुलनेला दुकानातले कप आणायचे, त्यातले जीवाणू वेगळे वाढवायचे, त्यांचा डीएनए काढायचा आणि कुणाचा कुणाशी जुळतो ते बघायचं. लक्ष्मी गेटच्या हलवायापासून टहरौलीच्या म्हशीपर्यंत सोळा दह्यं जमली. आपलं दही अर्थातच पहिल्या नंबरला.

पुढचे दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब नळीनं उचलायचा, तर निम्मी मुलं श्वास रोखून धरायची आणि निम्मी नेमकी तेव्हाच शिंकायची. औषधं बर्फात ठेवायची असतात, आमच्या फ्रिजचा बर्फ कुणीतरी लस्सीत घालून टाकला, तेव्हा कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या कुल्फीवाल्याच्या पेटीत, मलई कुल्फीच्या शेजारी, आमची औषधं दोन तास बसून होती (त्यानं एक पैसा घेतला नाही, फक्त "इसमें कीड़े तो नहीं हैं?" असं तीनदा विचारलं). यंत्राला तापण्या-गार होण्याचे पस्तीस फेरे पुरे करायचे असतात, आणि आमची वीज एकतिसाव्या फेऱ्याला जायची. एकदा नव्हे, चारदा. पाचव्या वेळी पस्तीस पुरे झाले तेव्हा यज्ञेश्वरजींनी पेढे वाटले. मग त्या नकला जेलीत घालतात. ही जेली म्हणजे आपल्या चायना ग्रासची चुलतबहीण समज. तिच्यातून वीज सोडली की लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात, आणि पट्ट्यांची (मुलं त्यांना "बैंड" म्हणतात) एक शिडी तयार होते. ज्या जीवाणूंचं घराणं एक, त्यांची शिडी सारखी. अंगठ्याच्या ठशासारखं.

आपल्या दह्याचं काम प्रियाकडे होतं. टहरौलीची मुलगी. रोज पहाटेची बस धरून येते, वडील मटार लावतात, आईकडे दोन म्हशी. अंगानं एवढीशी, बोलणं त्याहून कमी. काहीही सांग, "हओ मैडमजी" म्हणते, आणि ते खरंच करून येते. बाराजणांत तिची एकटीचीच फाइल अशी की जिच्यात "आज बत्ती गई, कुछ नहीं दिखा" असं चार दिवस लिहिलेलं आहे. ती दही न्यायला घरी यायची तशी आत्याचा जीव तिच्यावर जडला. आत्या तिला मराठी शिकवते. "विरजण" म्हणायला तिला दोन आठवडे लागले. एरवी आत्या दह्याच्या त्या काळ्या दगडीला मलासुद्धा हात लावू देत नाही, पण प्रियाला स्वतःच्या हातानं चमचाभर काढून द्यायची. माझ्या लेकाला, पार्थला, मराठी समजतं पण तोंडातून हिंदीच येतं, आणि ही परक्याची पोर आत्याला "आत्या, येते हं" म्हणते. मला मेलीला ऐकून भरून यायचं.

तर मागच्या मंगळवारी प्रियानं जेलीचा फोटो आणून माझ्यासमोर ठेवला. मी चष्मा लावला. आपली शिडी पाहिली. तिच्या शेजारची पाहिली. पट्टी न् पट्टी सारखी. शेजारची कुणाची माहीत आहे? कोपऱ्यावरच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या कपाची.

साताऱ्याहून आलेलं, पदराला बांधून जपलेलं, तुझ्या लग्नात डब्यातून सांगलीला गेलेलं आपलं विरजण, ताई, कपातलं निघालं. आणि सोळांतलं एक दही असं निघालं की ज्याची शिडी कुणाशीच जुळत नाही, अगदी स्वतंत्र. ते टहरौलीचं. प्रियाच्या आईच्या म्हशीचं.

मी काय करायला हवं होतं ते तुला सांगायला नको. तीन महिने मीच घसा फोडून सांगत होते. आणि मी काय केलं? म्हटलं, प्रिया, नमुने बदलले असतील. ती म्हणाली, "मैडमजी, तीन बार किया। तीनों बार नया दही लाई।" म्हटलं, नळी नीट धुतली नसेल. तिनं मान खाली घातली. मग फार हळू म्हणाली, "आप कहें तो लिख दूँ कि बैंड साफ नहीं आए?" तिच्या हातात खोडरबर होतं. आणि ताई, मी "नको" म्हटलं नाही. "हो"ही म्हटलं नाही. खिडकीबाहेर पाहत राहिले, जसं बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय. बाहेर कुल्फीवाला होता. ती "हओ मैडमजी" म्हणाली आणि गेली. काही न बोललेल्यालाही ती "हओ" म्हणते.

महिनाअखेरीस मुलांनी सगळ्यांसमोर आपापले निकाल मांडायचे आहेत. यज्ञेश्वरजींनी प्रमुख पाहुणी म्हणून कुणाला बोलावलंय? शकुंतलाआत्याला. "दो सौ साल पुराने दही की मालकिन" म्हणून फलकावर छापून टाकलंय. आत्यानं जांभळी इरकल बाहेर काढून इस्त्रीला दिली आहे. तिनं आयुष्यभर स्वतःचं म्हणून काय ठेवलं गं? नवरा दोन वर्षांत गेला, मूल नाही, आपल्या दोघींना वाढवलं, आणि ती एक दगडी. आता त्या सभेत एवढीशी पोर उभी राहून सांगणार की आजी, तुमचं दही कोपऱ्यावरचं आहे. की ती खोटं लिहून आणणार, आणि उद्या टहरौलीच्या शाळेत चाळीस मुलांना शिकवणार की निष्कर्ष मॅडमचं तोंड बघून लिहायचा? एका बाजूला आत्या, एका बाजूला ही, आणि मध्ये मी, आठ महिने उरलेली. दोन रात्री झोप नाही. वैताग वैताग झालाय.

असो. एवढंच सांगायचं होतं. काम काही नाही म्हटलं होतं ना. अनुश्रीला आशीर्वाद, भावजींना सांग गुडघ्याला तीळतेल.

तुझी,
कल्याणी

ता. क. तसं एक छोटंसं काम आहे. तुझ्याकडचं विरजण तरी आपलंच असणार. पांढऱ्या मलमलीचा स्वच्छ तुकडा तुझ्या दह्यात बुडव, सावलीत खडखडीत वाळव, पाकिटात घालून कुरिअरनं माझ्या नावावर कॉलेजच्या पत्त्यावर पाठव. घरी नको. मी ते गुपचूप दुधात टाकून दही लावीन आणि घरचं म्हणून प्रियाला चौथ्यांदा तपासायला देईन. ती काय, जे दिसेल तेच लिहील. म्हणजे कुणीच खोटं बोललं असं होणार नाही. निदान लेखी तरी. कुणाला बोलू नकोस, भावजींनाही नाही.

ता. क. दुसरा. (दुसऱ्या दिवशी, रात्री.) वरचा ताजा कलम वाचून विसरून जा. पाकीट अजून चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. सकाळी आत्या मटार सोलत बसली होती आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "त्या पोरीचा निकाल लागला का गं? तीनदा दही नेलं तिनं. मंगळवारपासून तुझं तोंड असं आहे." मी टाळलं, तर म्हणाली, "कपाचं निघालं ना?"

ऐक. मागच्या उन्हाळ्यात मी अनुश्रीच्या लग्नाला तुझ्याकडे आठ दिवस होते ना, तेव्हा इथला ट्रान्सफॉर्मर दोन दिवस जळालेला. सेहेचाळीस डिग्री. दगडीत दह्याला गुलाबी बुरशी आली. आत्यानं ते ओतून दिलं आणि कामाच्या भावनाला विरजण मागायला घरोघर पाठवलं. आत्यानं आजवर ज्या ज्या घरांना विरजण दिलं त्या सगळ्या घरी. पूर्वीही दोनदा मेलं होतं म्हणे, एकदा बाबांच्या वेळी, एकदा आपण शाळेत होतो तेव्हा, आणि दोन्ही वेळा दिलेल्या घरातूनच परत मागून आणलं. "म्हणून तर द्यायचं असतं," म्हणाली. या वेळी पाच घरं फिरूनही भावनाला विरजण मिळालं नाही. कुणीच आता घरी दही लावत नाही. सगळ्यांकडे कप. एकीनं तर कपच हातात दिला, घेऊन जा म्हणून. तोच लावला आत्यानं.

मी म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तू विचारलंस कधी? तू तर सगळ्या गावाला गोष्ट सांगत सुटली होतीस. सत्तावन्न काय, फडकं काय." मटाराचे दाणे परातीत टाकत राहिली. मग म्हणाली, "पोरीला खोटं लिहायला लावू नकोस हो. उद्या मास्तरीण व्हायची आहे ती." मी खोडरबराचं तिला काहीच सांगितलं नव्हतं, ताई. तिला शेजारच्या खोलीतून काय काय ऐकू येतं देव जाणे.

कॉलेजात गेले, प्रियाला बोलावलं. फाइल मागितली. निष्कर्षाची जागा कोरी होती. खोडली नव्हती, लिहिलीही नव्हती. वाट पाहत होती माझी. म्हटलं, जे दिसलं ते लिही, पेननं. तिनं लिहिलं. मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी कुणालाच सांगितलेली नाही, तुलासुद्धा. नववीत मी कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र तुझ्या जुन्या जर्नलमधून उतरवलं होतं. तुझ्या काचपट्टीवर हवेचा बुडबुडा आला होता आणि तू तो प्रामाणिकपणे काढून खाली "बुडबुडा" लिहिलं होतंस. मी तोही उतरवला. सिस्टर बर्नाडेटनं पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, दोन वर्षं झाली, बुडबुडा अजून तिथेच आहे? त्या दिवसापासून मी शिक्षिका व्हायचं ठरवलं, पण कारण लोकांना वेगळंच सांगत आले. प्रिया पहिल्यांदा मोठ्यांदा हसली. मग म्हणाली, "मैडमजी, यह भी फाइल में लिख दूँ?"

सभेला आत्या येणार आहे, जांभळी इरकल नेसून. फलक मात्र यज्ञेश्वरजी बदलत नाहीत, छापून झालाय म्हणतात. आत्या म्हणते राहू दे, मी उभी राहून सांगते काय झालं ते.

ता. क. तिसरा. (आणखी एका दिवसानं.) कापड मात्र पाठवच. आता चोरून नाही, घरच्या पत्त्यावर, वर "सांगली, बकुळ" अशी चिठ्ठी लावून. सतरावा नमुना म्हणून नोंद होईल. आत्या कालपासून दगडी घासून पालथी घालून बसली आहे. टहरौलीचं दही प्रियानं आणलंय, ते आम्ही तूर्त कटोरीत लावतो, चव झकास आहे; पण दगडी ती तुझ्यासाठी रिकामी ठेवते म्हणाली. सांगलीला दिलेलं तेवढं एकच घर राहिलंय विचारायचं.

आणि ताई, तुझ्याकडचंही गेलं असेल तर रिकामं पाकीट पाठव, मी आत्याला सांगेन. दुकानातून कप आणून त्यात कापड बुडवू नकोस. पाकीट प्रिया फोडणार आहे. तू तसं करशील असं मला वाटत नाही. पण मी तसं करीन असंही मला वाटलं नव्हतं.